चौक काढून तिथे बेडरूम मोठी करू का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रांत घराचे नक्शेच नक्शे आलेत. (पुण्याचे पाहुणे हसतात, पण आम्ही इंदूरवाले नकाशाला नक्शाच म्हणतो, आता काय बदलणार.) एकीने तर पोह्यांच्या पुडीच्या कागदावर काढून फोटो पाठवलाय आणि तेलाचा डाग बरोब्बर स्वयंपाकघरावर पडलाय, शकुन चांगला आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, तीन घेते, पहिलं लांबणार.

प्रश्न : ताई नमस्कार. इतकी वर्षं राजेंद्रनगरला भाड्याने राहिलो, आता स्वतःचं बांधतोय. प्लॉट ३० बाय ५०, रस्ता पश्चिमेला, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं झालेली आहेत, भिंतीला भिंत लागणार. पुढे १० आणि मागे ५ फूट सोडायचंय. घरात सासू-सासरे (सासऱ्यांचे गुडघे गेलेत), आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि दीर, त्यांचं लग्न व्हायचंय. नक्श्यात खाली २ वर ३ बेडरूम, सगळ्या अटॅच्ड, पोर्च १० बाय १०, आणि मधोमध ८ बाय ८ चा उघडा चौक दाखवलाय. दीर म्हणतात एवढी महागाची जागा पावसाला कशाला द्यायची, चौक काढा आणि खालची बेडरूम मोठी करा. ह्यांना काहीच म्हणायचं नाहीये. सासूबाईंना चौक हवाय असं मला वाटतं पण त्या बोलत नाहीत. वास्तूचं पण बघायचंय. काय करू? — एक सूनबाई

उत्तर : चौक ठेवा. दिरांना माझं नाव सांगा, रागवू दे माझ्यावर.

आता कारण. तुमच्या घराला दोनच तोंडं आहेत, पुढचं आणि मागचं, कारण दोन्ही बाजूंना शेजारी. बांधायला उरतं ३० बाय ३५. खिडकीतून उजेड किती आत जातो याचा आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब आहे, खिडकीची वरची कड जेवढी उंच त्याच्या दोन-अडीच पट. कड ७ फुटांवर धरा, म्हणजे पुढून १५-१६ फूट उजेड आला. मागे मात्र फक्त ५ फुटांची पट्टी आणि पलीकडे शेजाऱ्याची मागची भिंत, तिथून ८-१० फुटांच्या पुढे काही मिळत नाही. राहिले मधले १० फूट, तिथे ना पुढचा उजेड ना मागचा, आणि नेमकं तिथेच नक्शेवाल्याने चौक टाकलाय. म्हणजे माणसाने विचार केलाय हो, त्याचं कौतुक करा, फी कमी करायला सांगू नका.

माझंच सांगते. माहेर रामबागेतलं, जुना वाडा, पुढे ओटला मग दालान मग चौक मग माजघर, कुरडया चौकातच वाळायच्या आणि आजी दिवसभर तिथेच बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायची. त्या चौकात वाढलेली मी, नक्शे काढणारी बाई, आणि १९९७ साली स्वतःचं घर बांधलं तेव्हा एक खोली जास्त बसावी म्हणून चौक उडवला. आज आमच्या जेवणाच्या टेबलावर सकाळी १० वाजता ट्यूबलाइट लागते, मधल्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात वास येतो, आणि ती जी जास्तीची खोली मिळाली तिच्यात गेली कित्येक वर्षं गाद्या, जुने पंखे आणि एक बंद पडलेली शिलाई मशीन आहे. तर ६४ चौरस फूट वाचवून मी अडगळीची खोली मिळवली.

पण चौक नुसता ठेवून भागत नाही, तो चुकला तर दीर जिंकतील, म्हणून नीट वाचा. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडं पुढे जातं, त्यामुळे इंदुरात जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, मे महिन्यात पण जवळपास तसाच, आणि उघड्या चौकातून ते ऊन सरळ खालच्या फरशीवर आदळतं. डिसेंबरात उलटं, दुपारी पण सूर्य ४४ अंशांच्याच आसपास चढतो, म्हणजे ८ फूट रुंद चौकात ऊन उत्तरेकडच्या भिंतीवर वरचं ७-८ फूटच उतरणार, खाली येणारच नाही. थोडक्यात नको तेव्हा ऊन आणि हवं तेव्हा नाही. उपाय कठीण नाहीत. चौकाच्या भिंती पांढऱ्या ठेवा, नुसता चुना मारला तरी चालेल पण ती दगडासारखी दिसणारी काळी टाइल अजिबात नको, कारण खाली उजेड येतो तो भिंतींवर आपटत आपटत येतो. वर लोखंडी जाळी पक्की बसवा, त्यावर पॉलिकार्बोनेटची उतरती शीट टाका पण गच्चीच्या कठड्यापासून दीड फूट वर उचलून, चारी बाजूंनी फट राहू दे, म्हणजे पाऊस अडेल आणि घरातली गरम हवा वर निघून जाईल. उन्हाळ्यात शीटखाली हिरवी नेट ताणा, दिवाळीला काढा. आणि चौकाची फरशी घरापेक्षा २ इंच खाली, कोपऱ्यात ४ इंची नहाणी ट्रॅप, जाळी निघणारी, कारण वारं फिरलं की पावसाचे शिंतोडे येणारच.

बाथरूमची खिडकी चौकात उघडू नका प्लीज. जेवणाच्या टेबलाला चौकाची हवा हवीये, तिथे बाथरूमची नको. बाथरूमसाठी २ बाय ३ ची वेगळी डक्ट द्या, पाइप पण त्यातूनच वर जातील आणि प्लंबरला आत शिरता येईल.

आता दिरांनी न विचारलेलं. पोर्च १० बाय १०! गाडी कुठे लावणार? आपल्याकडच्या छोट्या गाड्या टॅक्स वाचावा म्हणून ४ मीटरच्या आत बनवतात, ४ मीटर म्हणजे १३ फूट, मग गाडीचं ढुंगण ३ फूट गेटबाहेर आणि गेट कायम उघडं, आपल्या कॉलन्यांमधे रोज बघते मी हे. पोर्च १० रुंद पण १५ खोल करा, वायव्येच्या कोपऱ्यात, म्हणजे सोडलेले १० फूट अधिक घरातले ५. हॉलचा एक कोपरा जाईल, जाऊ दे, तिथे तसंही शोकेस ठेवलं असतं.

त्याच पोर्चखाली पाण्याचा हौद. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून येतं आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड, त्यामुळे दोन दिवसांचा साठा हवा. माणशी १३५ लिटर धरतात, तुम्ही सहा जण, दोन दिवसांचे सोळाशे झाले, दिरांची बायको आणि पाहुणे धरून ५ बाय ५ चा ४ फूट खोल करा, २८०० लिटर बसतं. झाकण चाकाखाली येणार नाही असं बाजूला घ्या, नाहीतर हौद धुवायचा म्हटलं की गाडीची किल्ली शोधा. आणि ड्रेनेजचा चेंबर हौदापासून लांब, जमेल तितका लांब. गेटजवळ कचऱ्याच्या डब्यांना पण २ बाय ४ चा कोनाडा आत्ताच काढून ठेवा, ओला सुका वेगळा करायची सवय आता आपल्या अंगात भिनलीये पण डबे ठेवायची जागा कुठल्याच नक्श्यात नसते, ते ओटल्यावर बसतात आणि ओटल्यावर माणसं बसेनाशी होतात.

जिना. मजल्याची उंची साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच, एक पायरी सव्वासहा इंचाच्या आसपास ठेवली की २० पायऱ्या झाल्या. दोन पट्ट्यांचा जिना, पट्टी ३ फूट रुंद, पाऊल ठेवायला १० इंच, खाली-वर आणि मधे उभं राहायला ३-३ फूट, सगळं मिळून साडेसहा बाय साडेतेरा. तुमच्या नक्श्यात जिन्याला ५ बाय १० दाखवलाय, तेवढ्यात बसेल पण पायरी ८ इंचांची होईल, मग ठेकेदार म्हणेल "हो जाएगा भिया" आणि होईलही, चढायचं तुम्हाला आहे. जिना नैऋत्येला पश्चिमेच्या भिंतीला टेकवा, एप्रिल-मेची तिरपी उन्हं ४ वाजल्यापासून त्या भिंतीला भाजतात, तर जिना भाजू दे, झोपायची खोली नको. (वास्तूवाले पण जिन्याला नैऋत्य चालते म्हणतात, तेव्हा घरात वाद नाही.) जिन्याखाली टॉयलेट काढलंय ते खोडा. मधलं लँडिंग ६३ इंचांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी गेली की ५ फूट पण उरत नाहीत, बुटके असाल तरी डोकं आपटेल. तिथे इन्व्हर्टर आणि चपला.

पाच बाथरूम धुणार कोण हो? एक बाथरूम ५ बाय ८ म्हटलं तरी ४० फूट, पाचाचे २०० फूट, म्हणजे चौकाच्या तिप्पट जागा आणि चौकाबद्दल घरात भांडण चाललंय. तीन करा. खाली एक सासू-सासऱ्यांना अटॅच्ड, पण दुसरं दार पॅसेजमधे काढा म्हणजे पाहुण्यांना पण चालेल, वर एक तुम्हाला आणि एक दीर आणि मुलीत कॉमन. दिरांचं लग्न झाल्यावर कुरकुर होईल, म्हणून चौथ्याचे पाइप डक्टमधे काढून टोपी लावून ठेवा, टाइल्स नंतर. बेडरूम खाली एकच, वर तीन.

आणि भिंती विसरू नका. दोन्ही मजल्यांना बाहेरची भिंत ९ इंची, आतली साडेचार, ३० बाय ३५ मधले सव्वाशे-एकशे तीस चौरस फूट नुसत्या विटा खातात, म्हणून नक्श्यातल्या १२ बाय १२ च्या खोलीत कपाट बसत नाही आणि मग सुतार शिव्या खातो.

सासऱ्यांची खोली. मी ईशान्येला मागे टाकीन, वास्तूप्रमाणे तिथे देवघर म्हणतील, तर देवघर खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधे साडेचार फुटांचं काढा, तोंड पूर्वेला, पूजा करणाऱ्याला सकाळचा उजेड मिळतो आणि म्हाताऱ्या माणसांना आरतीला चालावं लागत नाही. आग्नेयेला स्वयंपाकघर, मागच्या पट्टीत धुणंभांडी. खोलीच्या दाराची रुंदी ३ फूट, बाथरूमचं पण ३, उंबरा नको, आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, हे मी आमच्या घरात एकदा बघितलंय, परत बघायचं नाहीये. कमोडशेजारची भिंत विटांचीच हवी, पोकळ ब्लॉकची नको, दांडा लावायला स्क्रू धरला पाहिजे. पलंगापासून कमोडपर्यंत रात्री किती पावलं पडतात ते मोजा, आठच्या वर गेली तर पलंग फिरवा. सासूबाईंच्या पलंगावरून चौक दिसेल अशी एक खिडकी काढा, त्या बोलत नाहीत ना, मग खिडकीला काही बोलणार पण नाहीत.

काम सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढा. प्लॉट साफ करून चुन्याच्या फक्कीने सगळा नक्शा जमिनीवर पूर्ण मापाने काढा, भिंती जाडीसकट, आणि सगळ्या घराला बोलवा. गाद्या टाका, एक जण स्वयंपाक करतोय एक जण आंघोळीला चाललाय असं नाटक करा, सासऱ्यांना काठी घेऊन चालवा. आणि दिरांना मधल्या खोलीत उभं करा, दोन्ही बाजूंना चादरी धरून, वर अजून एक चादर. बघू काय म्हणतात.

एक गंमत, पाऊस साठवायची सक्ती आपल्या राज्यात १४० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटना आहे आणि तुमचा १५०० फुटांचा भरतो १३९.३५. नियमातून सुटलात. पण गच्चीचं पाणी बोरिंगकडे सोडाच, साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, हजार फुटी गच्चीवरून ऐंशी हजार लिटरच्या वर पाणी नुसतं नाल्यात जातं.

प्रश्न : आम्ही दोघंच, रिटायर झालोय, मुलगा पुण्याला. सुदामानगरकडे २० बाय ५० आहे. आता फक्त खालचं बांधायचं, वरचं पुढे मागे मुलगा आला तर, नाहीतर भाड्याने देऊ. जिना घरातून काढायचा की बाहेरून? ह्यांचं म्हणणं बाहेरून, माझं आतून. — एक वाचक

उत्तर : दोघांचं बरोबर आहे म्हणून दोन दारांचा करा. जिना घराच्या अंगातच पण पुढच्या कोपऱ्यात, गेटला लागून. पहिल्या पायरीजवळ एक दार पोर्चमधे उघडणारं आणि एक तुमच्या हॉलमधे उघडणारं. भाडेकरू आला की हॉलचं दार आतून कडी, मुलगा आला की पोर्चचं दार बंद. बाहेरून लोखंडी जिना लटकवला की आठ-दहा वर्षांत गंजतो आणि रात्री भाडेकरू पोरं चढताना घणघण ऐकत तुम्ही जागे.

वरचं पुढे बांधायचं तर आज करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्याच विसरतात. पाया दोन मजल्यांचाच घाला. सुदामानगरकडे पण बहुतेक काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, तेव्हा मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि ठेकेदार ४ फुटांवर थांबतो म्हणाला तर खड्ड्यात तुम्ही स्वतः उतरून बघा, काळं दिसतंय की पिवळं. गच्चीवर कॉलमच्या सळ्या मोकळ्या ठेवतात ना, कपडे वाळत घालायला, त्या गंजतात. त्यावर सिमेंटची स्लरी लावून कच्च्या काँक्रीटने झाका, फोडता येतं नंतर. वरचं स्वयंपाकघर खालच्याच डोक्यावर, बाथरूमवर बाथरूम, नाहीतर तुमच्या देवावरून कोणाचं तरी सांडपाणी वाहील आणि त्याचा दोष मला द्याल. वरच्यासाठी दुसऱ्या मीटरची जागा आणि पाण्याची वेगळी टाकी आत्ताच नक्श्यात दाखवा.

२० फुटांच्या रुंदीत कॉरिडॉर काढू नका बरं का. ३ फुटांचा कॉरिडॉर २५ फूट लांब गेला की ७५ फूट नुसतं चालायला गेलं. खोलीतून खोलीत जाऊ दे, दोघंच तर आहात, लपवायचंय कोणापासून.

प्रश्न : ओट्याची उंची किती ठेवू? सासूबाई ४ फूट ११, मी ५ फूट ६. मिस्त्री म्हणतो ३३ इंच सगळीकडे चालतं. — लोकमान्यनगरहून

उत्तर : मिस्त्री स्वयंपाक करत नाही. सरळ उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ इंच वजा, तो तुमचा ओटा. तुमचा ३६ च्या आसपास निघेल, सासूबाईंचा ३२ च्या. मधला ३४ काढलात तर दोघींची पाठ दुखेल, समान न्याय. त्यापेक्षा ओटा दोन उंच्यांचा करा, जास्त वेळ उभी राहणारी जी आहे तिच्या मापाने शेगडीची बाजू, आणि दुसरीच्या मापाने ४ फुटांचा तुकडा, चिरायला, कणीक मळायला. सिंक मात्र उंच बाजूला घ्या, वाकून भांडी घासण्यासारखं पाठीचं वाटोळं दुसरं कशाने होत नाही. समोर दुसरा ओटा असेल तर मधे ४ फूट, साडेतीनच्या खाली नाही, दोघी एकदम वळलात तर कढईला धक्का.

आणि शेगडी कोणाच्या मापाने ठेवली ते पुढच्या पत्रात कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.